तासावर घेतलेली गाडी

सिंगापूरमध्ये ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, त्याच्याकडे गाडीबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. असतं ते आमच्यासारख्यांकडे! सेरंगूनच्या एकाच ब्लॉकमध्ये आमची दोन मराठी घरं. सातव्या मजल्यावर मी आणि माझा नवरा निखिल, अकराव्यावर प्रशांत आणि सुजाता. चौघांत मिळून गाड्या शून्य. एरवी एमआरटीची मेट्रो आणि बस आहेच. पण कुणाचे आईवडील आले किंवा कुठून कपाट आणायचं झालं, की फोनवर ॲप उघडायचं आणि खालच्या कारपार्कमधली गाडी तासावर घ्यायची. अशी दहा वर्षं झाली. आता एक किस्सा सांगायला घेतला की पुढचा मागे हॉर्न वाजवत उभाच असतो.

*

पहिल्या वेळेचं सांगते. गणपतीत एका मैत्रिणीकडे मसालेभात न्यायचा होता, वीस जणांचा. निखिलनं गाडी बुक केली. "पांढरी आहे," म्हणाला. खाली गेलो तर पांढऱ्या गाड्या तीन! एकीचं दार ओढल्याबरोबर उघडलं. बघ, ॲप किती सोपं आहे, म्हणत निखिल बसला. मी मागे, मांडीवर पातेलं घेऊन.

निखिल बटण दाबतोय, दाबतोय, गाडी ढिम्म! तेवढ्यात काचेवर टकटक झालं. हाफ पॅंटमधले एक चिनी काका, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी. गाडी त्यांची होती. दार उघडं ठेवून कॉफी आणायला गेले होते!

आम्ही सॉरी सॉरी करत धडपडत उतरलो. काकांनी शांतपणे मागच्या गाडीकडे बोट केलं. "युअर कार दॅट वन, लाह." मग पातेल्याकडे बघून एक मोठा श्वास घेतला.

"बट द राइस कॅन स्टे!"

*

प्रशांत आमच्यातला सगळ्यात शिकलेला. पीएचडी, लॅबमध्ये संशोधक. पण त्याला गाडी येत नव्हती, म्हणून तो निखिलच्या शेजारी बसून रस्ता सांगायचा. आणि माणूस इतका काटेकोर, की "डावीकडे" म्हणायच्या आधी दोनदा खात्री करून घ्यायचा. तोपर्यंत वळण मागे गेलेलं असायचं!

एकदा माझ्या मावशीला घेऊन प्राणिसंग्रहालयात निघालो. प्रशांतची खात्री चालू असताना एक फाटा गेला, मग दुसरा गेला, आणि समोर आला थेट मलेशियाच्या सीमेवरचा नाका! मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही.

अधिकाऱ्यानं पासपोर्ट मागितले. एकाचाही जवळ नव्हता.

"व्हेअर आर यू गोइंग?"

निखिल म्हणाला, "झू."

अधिकारी गंभीरपणे म्हणाला, "सर, झू मागे राहिला. इथून पुढे फक्त मलेशिया."

त्यानं आम्हाला बाजूला घेऊन परत पाठवायची व्यवस्था केली. मावशी मात्र हिरमुसली. "पुढे आलोच आहोत तर तिथला झू बघू की!"

*

निखिलला ऑफिसनं दोन आठवडे उत्तर इंग्लंडमधल्या एका डोंगराळ गावी पाठवलं. तिथे बस तासाला एक, म्हणून गाडी भाड्यानं घ्यावी लागणार. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, आवाज दबलेला.

"अगं, काउंटरवरची बाई मला लव्ह म्हणाली!"

"काय?"

"'हिअर्स युअर कीज, लव्ह.' सगळ्यांसमोर!"

"वय काय तिचं?"

"सत्तरच्या पुढे असेल."

मी म्हटलं, मग जेवून झोप.

पण खरी गंमत पुढे झाली. मिळालेली गाडी गिअरची! दहा वर्षं सिंगापूरच्या ऑटोमॅटिक गाड्या चालवून निखिलचा डावा पाय क्लच विसरलेला. गावातला रस्ता दगडी फरसबंदीचा, अरुंद, आणि चढ असा की घरंसुद्धा एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. बरोबर मध्यावर गाडी बंद पडली. चालू केली की मागे घसरायची, की बंद. मागे सहा गाड्या. एकानंही हॉर्न वाजवला नाही! निखिल म्हणतो, त्या शांततेनंच जास्त घाम फुटला.

शेवटी मागच्या गाडीतून एक आजीबाई उतरल्या. खरेदीची पिशवी हातातच. काचेवर टकटक करून म्हणाल्या, "शिफ्ट ओव्हर, लव्ह."

निखिल निमूटपणे शेजारच्या सीटवर सरकला. आजीबाईंनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, एका दमात गाडी वर नेली, पिशवी घेतली आणि चढ उतरून परत आपल्या गाडीत जाऊन बसल्या.

आता आमच्या घरी कुणी कुठल्या कामात अडलं, की दुसरा म्हणतो, "शिफ्ट ओव्हर, लव्ह!"

*

झूच्या प्रकरणानंतर सुजातानं नवऱ्याला सांगितलं, "प्रशांत, एकतर गाडी शिक, नाहीतर मागे बसत जा." अडतिसाव्या वर्षी तो शिकायला लागला.

त्याचे शिकवणारे अंकल साठीचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "यू पीएचडी, आह?"

प्रशांत खूश. "येस! हाऊ डू यू नो?"

"यू थिंक टू मच. लॉरी नॉट वेटिंग."

पहिल्या परीक्षेत चाक फुटपाथवर चढलं. दुसऱ्या परीक्षेत झेब्रा क्रॉसिंगपाशी एक आजी उभ्या होत्या, म्हणून हा थांबला. आजी हलेनात. हाही हलेना. परीक्षकानं घड्याळ बघितलं. आजी तिथे मैत्रिणीची वाट बघत होत्या!

तिसऱ्या वेळी पास झाला. आम्ही चौघांनी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर बसून उसाचा रस प्यायला. प्रशांत तासभर फोनवरचं लायसन उघडून बघत होता.

सुजाता म्हणाली, "आता आबांना सांग."

प्रशांतनं फोन खिशात ठेवला.

*

आबा म्हणजे प्रशांतचे वडील, बार्शीचे. तीस वर्षं ट्रक चालवला. प्रशांत दहा वर्षांचा असताना केबिनमध्ये चढून स्टिअरिंग धरून बसला होता, तर आबांनी खाडकन कानाखाली दिली होती. "परत ह्या चाकाला हात लावायचा नाही. पुस्तकं धर!" त्यानंतर त्यानं खरंच कधी हात लावला नव्हता.

ते आबा पहिल्यांदाच सिंगापूरला आले. प्रशांतला त्यांना आपली लॅब दाखवायची होती. सुजाता म्हणाली, टॅक्सीनं जाऊ. प्रशांत ऐकेना. त्यानं गाडी बुक केली आणि धीर द्यायला आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं.

कारपार्कमध्ये आबांनी इकडेतिकडे पाहिलं. "डायवर कुठाय?"

प्रशांत म्हणाला, "मीच आहे, आबा."

आबांनी हात पुढे केला.

"लायसन?"

प्रशांतनं फोन पुढे केला.

"फोटू नको. लायसन दाव."

"आबा, इथं असंच असतं."

आबांनी फोन हातभर लांब धरून वाचला. परत दिला. निखिलनं मागचं दार उघडलं, "आबा, मागे ऐसपैस बसा."

"मागं मालक बसतोय. मी किन्नरच्या जागंवर बसतो," म्हणत आबा ट्रकवरच्या क्लीनरसारखे पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

अर्धा तास त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. फक्त सिग्नल आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. प्रशांतच्या मानेवरून घाम ओघळताना मला मागून दिसत होता.

लॅबच्या कारपार्कमध्ये जागा मिळाली ती दोन गाड्यांच्या मधली, अरुंद. गाडी उलटी लावायची, आणि तिथेच प्रशांत नेहमी अडायचा. दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. आबा उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. गाडीतला सेन्सर टीटी करतोय, कॅमेरा रेषा दाखवतोय, आणि त्या सगळ्यावर आबांचा आवाज. "यीऊ दे... यीऊ दे... डाव्या अंगाला काप... यीऊ दे... बास!"

मागच्या काचेवर थाप पडली. गाडी दोन्ही रेषांच्या बरोबर मध्ये होती.

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चारही टायर वाकून पाहिले. मग ते प्रशांतच्या बाजूला आले, बाहेरून दार उघडलं आणि ते धरून ताठ उभे राहिले.

"उतरा, साहेब."

प्रशांतला सीटबेल्टचं बटण काही केल्या सापडेना.