तिची पट्टी, माझी बोटं

बँडचे किस्से निघाले की बाकीचे खिदळतात, मी चहाच्या कपात बघत बसतो. साठतात कसे कोण जाणे, पण बहुतेकांत चूक माझीच!

प्रॅक्टिस परळला, सुहासच्या घरी. सुहास बेसवर, मी गिटारवर, मंजिरी गाणार. रॉकची गाणी सगळी पुरुषांनी गायलेली, त्यामुळे तिच्या गळ्यासाठी पट्टी बदलायचं काम माझ्याकडे.

*

पहिल्याच रविवारी मी गिटारला कॅपो, म्हणजे पट्टी चढवायचा चिमटा, लावला आणि सुहासला सांगायलाच विसरलो. तो जुन्या पट्टीत, मी नव्या पट्टीत. स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर आली.

"मेल्यांनो, दोघां दोन गाणी कित्याक वाजवतास?"

त्यांच्या हातची घावणी मी मान खाली घालून खाल्ली.

*

गिरगावात एका सोसायटीचा कार्यक्रम. मी गाण्याच्या मध्यातच चुकून मूळ पट्टीत घुसलो. मंजिरीनं डोळे वटारले, पण क्षणात सूर पकडून तिकडे उडी मारली. पुढच्या रांगेतले काका ओरडले, "वा! काय पट्टी बदलली!"

मी उठून नमस्कार केला. मी!

*

एकदा गाताना मंजिरीचा सूर सारखा खाली पडत होता. मी वैतागून म्हटलं, "घसा बसलाय का गं तुझा?" बिचारीनं तीन दिवस मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. घरी ट्यूनर लावून बघतो तर माझीच गिटार चढलेली! गुपचूप उतरवली.

पुढच्या रविवारी ती नीट गायली. मी म्हटलं, "बघ, गुळण्यांनी फरक पडला ना?"

*

एक गाणं तिला बरंच वर हवं होतं. पण तेवढं वर नेलं की माझा सोलो थेट गिटारच्या पोटावर जायचा, तिथे बोटं पोचायची नाहीत. दोन महिने घासून बसवलेला सोलो! मी म्हटलं, "वर तुझा आवाज पातळ होतो गं." तिनं मान डोलावली. दादरच्या शोला ती खालच्या पट्टीत नुसती पुटपुटली. माझ्या सोलोला शिट्ट्या पडल्या.

मग सुहासच्या बहिणीचं डोहाळजेवण आलं. त्याची आई मंजिरीला म्हणाली, "बाय, एक गाणा म्हण. बरा मोकळ्या गळ्यान म्हण."

मंजिरी हसली. "नको काकू. मोकळं गायलं की आवाज पातळ होतो माझा. मला कळायचंच नाही आधी. ह्याला विचारा हवं तर, ह्याला कळतं त्यातलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "खरां काय रे?"

मी म्हटलं, "हो."