पाणी जवळच आहे

पाण्याला किती लांब जावं लागतं, या प्रश्नाला वाडीतल्या प्रत्येक घरानं मला एकच उत्तर दिलं, "जवळच." जिल्ह्याच्या विकास आराखड्यासाठी घरोघरची पाहणी चालली होती आणि फॉर्म आम्हा शिक्षकांच्या हाती दिले होते. मीही शहाणी, मुकाट्यानं "जवळ" लिहीत गेले.

शेवटच्या घरी सरूवहिनी डोक्यावर चुंबळ ठेवूनच उत्तरं देत होत्या. म्हटलं, चला, मीही येते. उतार काही संपेना. झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरला. परतताना चढावर मी दोनदा टेकले. त्या भरला हंडा डोक्यावर घेऊन माझ्यासाठी थांबल्या. घरी येऊन घड्याळ पाहिलं, तर पाऊण तास झाला होता.

रोजची वाट पायांना लांब वाटेनाशी होते. त्यातून दारात आलेल्या माणसाला आपली अडचण सांगणं जिवावर येतं. असे सगळे "जवळ" जिल्ह्याला पोचले असते, तर तिथं कुणालाही वाटलं असतं, या वाडीला नळ कशाला हवा?

नशीब, मी पेन्सिलीनं लिहिलं होतं! फॉर्म अजून माझ्याच पिशवीत होते. बाकीच्या घरी उद्या पुन्हा जाणं आलं, पण ओट्यावर बसून खोडरबर काढला आणि जीव भांड्यात पडला. "जवळ" खोडून "पाऊण तास" लिहिलं, मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

पदरानं मान पुसता पुसता सरूवहिनी थांबल्या.

"एवढं लांब आहे होय, बाई?"