डाव्या करंगळीची हजेरी

आमच्या हेडक्लार्कसाहेबांच्या हाती कारभार असता, तर हिवाळ्यात उशिरा उगवल्याबद्दल सूर्यालाही लेटमार्क बसला असता. वसमतच्या एका हळदीच्या गोदामात आम्ही कित्येक वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. ते रोज आखाडा बाळापूरहून एसटीने येत. एसटीला उशीर झाला की दिवसभर ड्रायव्हरच्या वतीने स्वतःच शरमलेले असत. मनगटावरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. डबा ते एकच्या ठोक्याला उघडत, तेव्हा बाकीच्या जगात बारा पन्नास झालेले असत.

दोन हजार सालानंतर कधीतरी शेठने बोट लावून हजेरी घ्यायचं मशीन आणलं आणि साहेबांच्या आयुष्याचं सार्थक झालं. माहितीपुस्तिका त्यांनी तीन दिवस वाचली, जेवतानासुद्धा. बसवायला आलेल्या माणसाला म्हणाले, "तुमी चहा घ्या. सेटिंग आमी करून राहिलो." वेळ लावली ती स्वतःच्या घड्याळावरून, त्यामुळे पहिल्याच दिवशी अख्खं गोदाम लेट. सवलतीची मिनिटं शून्य केली. आवाज एवढा मोठा ठेवला की मशीनचं "धन्यवाद" रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जाई. पासवर्ड एकट्या त्यांनाच ठाऊक. तो टाकताना ते मशीनवर टॉवेल धरत.

या सगळ्या शिस्तीत गयाबाई अडकल्या. वीस वर्षं हळद निवडून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. मशीन त्यांना ओळखेना. शेठने सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत बोट उठलं नाही तर बाईला घरी पाठवा." घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

"साहेब, बोट माझंच हाय, मंग ही मशीन काहून मानत न्हाई?"

साहेबांनी त्यांची दहाही बोटं लावून पाहिली. खोबरेल झालं, लिंबू झालं. शेवटी मशीनची पारख सैल केली, तर त्याने गयाबाईंना शेठ समजून धन्यवाद दिले. ते सेटिंग घाईघाईने मागे घ्यावं लागलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी मशीनवर टॉवेल धरला, गयाबाईंच्या नावावर स्वतःची डावी करंगळी नोंदवली आणि म्हणाले, "मावशी, तुमी रोज इथं नुसतं उभं राहायचं." मी बघतच राहिलो. लेखी अर्ज घेतल्याशिवाय टाचणीही न देणारा हा माणूस!

"बाई हजर हाय का न्हाई? मंग हजेरी खरीच हाय," ते माझ्यावरच खेकसले.

पण गयाबाई एकदा दोन मिनिटं उशिरा आल्या, तर साहेब त्या येईपर्यंत करंगळी उगारून थांबले आणि लेटमार्क पडल्यावरच हलले. "करंगळी माझी, पर वेळ तिची हाय."

त्यानंतर साहेबांनी एकही रजा घेतली नाही. तापात आले. मुलीच्या लग्नादिवशी फेटा बांधून आले, करंगळी टेकवली आणि तसेच मांडवात गेले.

निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल त्यांनी मशीनवर धरली, माझ्या कानात पासवर्ड सांगितला आणि म्हणाले, "डावी करंगळी द्या."

मी जन्मात कुठे वेळेवर पोचलो नव्हतो. आता रोज आठच्या आत मशीनपाशी असतो, आणि गयाबाई माझ्या आधी येऊन उभ्या असतात. साहेबांची फार आठवण येते. पासवर्ड माझ्याकडे आहे, पण मशीनचं घड्याळ मी अजून दहा मिनिटं पुढेच ठेवलं आहे.