गुरुजींनी नाकारलेली सही

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात, सगळं आता पुसट होत चाललं आहे. सावंगीच्या त्या चेनचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चुकलो मी होतो.

तेव्हा मी वर्ध्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि सावंगीतल्या एका खासगी वसतिगृहाच्या मालकाचा फोन आला. तिथल्या एका विद्यार्थिनीची सोन्याची चेन गेली होती. संशय दोन महिन्यांपूर्वी देखरेखीला ठेवलेल्या बाईवर होता. मालकाने वर आणखी एक खबर दिली. कामाला लागताना तिने दिलेली ओळखीची चिठ्ठीसुद्धा खोटी होती म्हणे.

चिठ्ठी रोहण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. या बाईला मी लहानपणापासून ओळखतो, ती प्रामाणिक आहे, एवढ्या दोन ओळी आणि खाली सही. मालकाने विचारलं तेव्हा गुरुजींनी कानावर हात ठेवले होते. मी स्वतः फोन लावला, तर मलाही तेच सांगितलं: अशी कोणी बाई आठवत नाही, चिठ्ठी दिली नाही. त्या पंचक्रोशीत गुरुजींचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. मीही दिला नाही. स्टेशन डायरीत नोंद केली आणि मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं.

बाई पस्तिशीची, विधवा. आई चार महिन्यांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलेली, तिला उपचारासाठी वर्ध्यात आणून ठेवलेलं. खोट्या सहीचा गुन्हा नोंदला असता तर जिल्ह्यात तिला कोणी धुणं-भांड्यालाही ठेवलं नसतं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

महिला अंमलदार बसवून मी विचारपूस सुरू केली. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारायची, ही माझी पद्धत. खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी गोष्ट सुधारून सांगतो. ही बाई तिन्ही वेळा तेच सांगत होती: चिठ्ठी मागायला गेले तेव्हा गुरुजी ओसरीत संत्रं सोलत होते, चार फोडी मलाही दिल्या. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती रडली नाही.

"मले त्याईच्या समोर उभी करा, साहेब," ती म्हणाली. "तोंडावर नाई म्हणाले, तं तुम्ही म्हणसान तिथं सही करतो."

मी वैतागलो होतो, पण चार फोडी डोक्यातून जाईनात. पासष्टीपुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून तिला आणि महिला अंमलदाराला घेऊन मीच रोहण्याला गेलो.

गुरुजी ओसरीतच होते. गाडी पाहून उभे राहिले, चेहरा उतरला. बाई पुढे झाली आणि वाकून पाया पडली. जन्मभर लेकरांची विचारपूस केलेला माणूस तो, तोंडून निघूनच गेलं, "माय चालते काय व आता?"

मी शांतपणे विचारलं, "गुरुजी, ही बाई तुम्हाला आठवत नाही, मग तिची आई चालत नव्हती हे कसं माहीत?"

ते खाली बसले. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यात चोरी आणि पोलीस हे शब्द ऐकून घाबरून नाही म्हणून टाकलं, असं म्हणाले. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी पूर्ण वाचली आणि म्हणाले, "चेन सापडो, न सापडो. सही माझी आहे. लिहून घ्या."

चेनचा तेव्हा काहीच पत्ता नव्हता, हे लक्षात घ्या. म्हणून त्या जबाबाची मला आजही किंमत वाटते.

चेन तिसऱ्या दिवशी त्या विद्यार्थिनीच्याच गादीच्या खोळीत सापडली. आम्ही बाईची पेटी तीनदा उपसली होती. मुलीची गादी मात्र एकदाही उलटून पाहिली नव्हती. बाईची माफी मी ठाण्यात, सगळ्यांसमोर मागितली. मालकाने मात्र तिला परत घेतलं नाही. गुरुजींनी नवी चिठ्ठी दिली, त्यात एक ओळ जास्तीची होती: गरज पडल्यास मी स्वतः हजर राहीन.

माणसाची पत त्याच्या साक्षीच्या पुढे धावते आणि आपण तिलाच साक्ष समजून बसतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. फोनवरचा नकार मी पुरावा मानला, आणि समोर बसलेल्या बाईचं बोलणं नुसता बचाव.

आता माझ्याकडेही लोक ओळखीची चिठ्ठी मागायला येतात. मागच्या महिन्यात तीच बाई आली. एका पाळणाघरात काम मिळत होतं आणि तिथे चिठ्ठी हवी होती. ठाण्यात टेबलावर हात आपटणाऱ्या माणसाच्या दारात ती आली, याचंच मला नवल वाटलं. मी मनापासून लिहिलं, गुरुजींची ती ओळ घातली, खाली फोन नंबर टाकला. तिने सावकाश सगळं वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"फोन आला तं उचलसान ना, साहेब?"