ताटातले तांदूळ आणि ग्रीकांचा पाणघोडा

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामी संपली त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, पण आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बरण्यांवर अजून उर्दू चिठ्ठ्याच होत्या. त्या खरवडून शास्त्रीय नावं लिहायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं. वर्गात मुलगी मी एकटी. अक्षर मात्र असं, की बरणीतला मेलेला बेडूकसुद्धा डोळे उघडून वाचायचा. शपथेवर सांगते.

दुपारी फॉर्मलिनच्या वासानं गुंगी यायची. पिवळट पाण्यात मासे तरंगायचे, साप तरंगायचे, हळूहळू मीही तरंगायला लागायचे. सरांचा आवाज हर्सूलच्या तळ्यापलीकडून आल्यासारखा यायचा.

"ही नावं म्हणजे ग्रीकांच्या लेकी. लॅटिनच्या घरी नांदायला आल्या. सासरच्या रीतीनं नुसतं शेपूट बदलायचं. हिप्पोपोटॅमॉसचं हिप्पोपोटॅमस झालं. पण धड माहेरचंच. नदीतला घोडा तो नदीतला घोडाच."

माझा टाक थांबला. माझं लग्न पाचोडला ठरत होतं, आणि त्या घरी सुनेचं नाव बदलायची रीत होती. शेपूट नाही, अख्खं नाव. ज्या नावानं आईनं वीस वर्षं हाका मारल्या, त्याला मी पुन्हा ओ द्यायचीच नाही?

पाचोडची मंडळी करमाडला आमच्या घरी मला बघायला आली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय शिकती गं पोरी?"

"पाणघोड्याचं नाव."

"त्याला नाव कशाला? लगीन लावायचंय व्हय त्याचं?"

मी सगळं सांगितलं. धड माहेरचंच राहतं, हे दोनदा सांगितलं.

"आमच्यात धड नाय न् शेपूट नाय," त्या म्हणाल्या. "नवी सून, नवं नाव."

मुलगा मात्र चहाच्या बशीत असा फसकन हसला, की करमाड स्टेशनात उभी असलेली गाडी दचकून सुटली.

लग्न झालं. पाचोडच्या घरी ताटात तांदूळ पसरले आणि नवरा अंगठीनं नवं नाव लिहायला लागला. दोन अक्षरं झाली, तेवढ्यात मला शिंक आली. आली म्हणजे, मी बोलावली. तांदूळ असे उडाले, की बाजारातल्या कोंबड्या आठ दिवस दाणे टिपत होत्या. मला मात्र ते सावकाश खाली येताना दिसत होते, बरणी हलवल्यावर माशाचे खवले तळाला बसतात तसे.

"अगं बया!" सासूबाई ओरडल्या.

नवऱ्यानं खाली मान घालून तांदूळ गोळा केले, पुन्हा पसरले. हळूच म्हणाला, "शेपूट तरी बदलू का?"

मी मान हलवली. नाही.

त्यानं माझं माहेरचं नाव लिहिलं.

सासूबाईंनी ताटात वाकून बघितलं. मग माझ्या केसांतला एक तांदूळ काढला आणि त्याच नावानं मला हाक मारली. "ऊठ, देवाच्या पाया पड. आन् पुन्हा शिंकू नको."

मी ओ दिली.