साडेचार तासांवरचं गॅरेज

ओनोफ्रे माएस्तासचं अर्धं आयुष्य शाळेच्या बसगाड्यांखाली उताणं पडून गेलं. पेन्यास्को खोऱ्यातल्या सगळ्या पिवळ्या बसगाड्या तो एकटा चालत्या ठेवायचा. डोंगरातले आमचे रस्ते, वर बर्फ, तरी त्याच्या हाताखालची बस मुलांना घेऊन वाटेत अडकली असं मला आठवत नाही. पुढे शाळेने ते गॅरेज बंद केलं आणि काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं. ओनोफ्रे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्याने एक जुना टोइंगचा ट्रक घेतला, घरामागच्या शेडमध्ये हत्यारं मांडली आणि बंद पडलेल्या गाड्या उचलून आणू लागला.

माझ्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोंपाद्रे. मी युलालिया, घरोघर जाणारी नर्स. जखमा बांधायच्या, साखर तपासायची, औषधं नीट घेतात की नाही बघायचं. रोजचे शंभर-सव्वाशे मैल व्हायचे, म्हणून मी विजेची गाडी घ्यायचं ठरवलं.

घेणं सोपं नव्हतं. आमच्या न्यू मेक्सिकोचा कायदा असा, की गाडी बनवणाऱ्या कंपनीने ती परस्पर गिऱ्हाइकाला विकायची नाही, मधे डीलर हवा. दुरुस्तीचं गॅरेजही कंपनीने स्वतः काढायचं नाही. मला हवी होती त्या गाडीच्या कंपनीने डीलर नेमलेलेच नव्हते. म्हणून मी घरी बसून कॉम्प्युटरवर गाडी मागवली आणि शेजारच्या कोलोरॅडोत जाऊन ताब्यात घेतली.

जाण्याआधी ओनोफ्रेला सांगितलं, तर तो म्हणाला, “घे ना. पण बिघडली तर नेणार कुठे?”

“ते म्हणतात, फारशी बिघडतच नाही.”

“माझ्या सासूलाही माझ्याबद्दल असंच सांगितलं होतं.”

पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, मी लास त्रांपासला कासिल्दा रॉयबालच्या पायाचं ड्रेसिंग करून बाहेर आले, तर गाडी मेल्यासारखी. दार उघडेना, दिवा लागेना. मोठी बॅटरी चांगली पाऊण भरलेली होती, हे मी सकाळीच बघितलं होतं. मी ओनोफ्रेला फोन केला आणि मग कंपनीला.

कंपनीची मुलगी फार गोड बोलली. “तुमच्या राज्यात आमचं गॅरेज नाही, मॅडम. सगळ्यात जवळचं कोलोरॅडो स्प्रिंग्सला.”

“तिथून माणूस पाठवा.”

“तुमच्याकडे येऊन काम करायची आम्हाला परवानगी नाही. गाडी इकडे आणावी लागेल.”

तोवर ओनोफ्रे पोचला होता. कोलोरॅडो स्प्रिंग्स म्हणजे साडेचार तास, तेही रस्ता मोकळा असला तर. त्याने घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं.

“आज नको. उद्या सकाळी निघू. तुझे पेशंट किती राहिलेत?”

“चार. पण आता कशी जाणार मी?”

“कशी म्हणजे? बस वर.”

त्याने चाकांखाली प्लॅस्टिकच्या घसरत्या पाट्या सारल्या, साखळीने गाडी ट्रकवर ओढून घेतली आणि घट्ट बांधली. मग आम्ही निघालो. ट्रकवर माझी चकचकीत गाडी, पुढे मी आणि माझी बॅग. चारही घरी तो मला घेऊन गेला. मी आत असले की तो बाहेर ट्रकमध्ये बसून राहायचा. एका घरी तर आत येऊन त्याने गळका नळ घट्ट करून दिला. ओहो सार्को गावी म्हातारे फिदेन्सिओ काठी टेकत अंगणात आले आणि ट्रककडे बघत राहिले.

“काय नर्सबाई, गाडी दमली म्हणून खांद्यावर घेतलीत?”

“पाय दुखतायत तिचे,” ओनोफ्रे म्हणाला. “तुमच्यासारखेच.”

त्या दिवशी माझा एकही पेशंट चुकला नाही. फिदेन्सिओंची साखर त्या दुपारी भलतीच चढलेली निघाली. मी गेले नसते तर सोमवारपर्यंत कुणाला कळलंही नसतं. हे मी आजवर विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोला गेलो. तिथल्या गॅरेजमध्ये इंग्रिड नावाची तिशीतली मेकॅनिक होती. जमिनीवर एक पिवळी रेघ होती, गिऱ्हाइकांनी तिच्या अलीकडे थांबायचं. ओनोफ्रे टोपी हातात घेऊन रेघेला पाय लावून उभा राहिला. इंग्रिडने पुढचं झाकण उघडलं, एक छोटी बॅटरी काढली, नवी बसवली. गाडीचे दिवे लागले. सगळं मिळून वीस मिनिटं.

“ही तर साधी बारा व्होल्टची,” ओनोफ्रे म्हणाला. “माझ्या बसमध्ये असायची तसलीच.”

“तसलीच,” इंग्रिड म्हणाली. “मोठी बॅटरी गाडी ओढते. पण तिला जागं करायचं काम या छोटीचं. ही गेली की गाडीला काही कळतच नाही.”

“अशा किती येतात तुमच्या राज्याबाहेरून?”

“पुष्कळ. वाईट वाटतं, पण काय करणार.”

ओनोफ्रेने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, “मुली, मी एकसष्टचा आहे. हे मला शिकता येईल का?”

इंग्रिडने त्याच्याकडे नीट बघितलं आणि हाताने खूण करून त्याला रेघेच्या आत बोलावलं. जेवणाची सुट्टी तिने त्याच्यावर घालवली. कुठल्या गोष्टींना बिनधास्त हात लावायचा, कुठल्या शिकल्याशिवाय शिवायच्याही नाहीत, सगळं दाखवलं. “नारिंगी केबल दिसली की हात मागे. तिच्यातली वीज दुसरी संधी देत नाही.” कुठला कोर्स करायचा त्याचं नाव तिने एका कागदावर लिहून दिलं.

परतताना मी माझ्या गाडीत आणि तो मागून रिकाम्या ट्रकमध्ये. हद्द ओलांडल्यावर पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा तो माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “कोमाद्रे, घरातला बल्ब गेला म्हणून आपण दुसऱ्या राज्यात जाऊन आलो.” आणि हसत सुटला. मीही हसले. पण त्याच्या मनाला ते लागलं होतं.

तो सांता फेच्या कॉलेजात शनिवारी जायला लागला. वर्गात सगळी विशी-बाविशीची. त्याची बायको एर्सिलिया मला म्हणायची, “डबा देऊन पाठवते बाई. संध्याकाळी विचारते, आज मास्तरांनी मारलं का?” पण परीक्षेच्या आठवड्यात तिनेच त्याला समोर बसवून प्रश्न विचारले. तो पास झाला.

मग त्याच्या शेडमध्ये आधी माझी गाडी आली, पुढे ताओसच्या एका निवृत्त शिक्षिकेची, आणि मग वरच्या खोऱ्यातून एकेक येतच राहिली. कच्च्या रस्त्यांनी खिळखिळी झालेली खालची जोडणी, गोठून अडकलेले दरवाजे, आणि उंदीर. आमच्याकडचे उंदीर थंडीत ऊब शोधत गाडीच्या पुढच्या भागात शिरतात आणि वायरी कुरतडतात. ओनोफ्रे जाड रबरी हातमोजे आधी फुगवून बघायचा, टाचणीएवढं जरी भोक असलं तरी बाजूला टाकायचा. काम झालं की चिकटपट्टीवर तारीख आणि काय केलं ते लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. बसगाड्यांपासूनची सवय ती. जिचं काम त्याच्याने व्हायचं नाही, जिचे सुटे भाग किंवा कॉम्प्युटरची किल्ली कंपनी बाहेरच्याला द्यायची नाही, ती गाडी तो ट्रकवर घालून कोलोरॅडोला न्यायचा. जाताना इंग्रिडसाठी भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी ठरलेली.

एका वर्षी कायदा बदलायचा ठराव विधानसभेत आला. समितीपुढे कुणीही जाऊन दोन मिनिटं बोलू शकतं. मीच त्याला ओढून नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो माइकपुढे उभा राहिला.

“मी गेल्या वर्षी एकोणीस गाड्या हद्दीपार नेल्या,” तो म्हणाला. “त्यातल्या बारा गाड्या तासाभरात दुरुस्त झाल्या. गाडी कुणी विकावी यात मला पडायचं नाही. विकलेली गाडी घराजवळ दुरुस्त व्हावी, एवढंच.”

डीलरांच्या बाजूने ग्लेन नावाचे एक गृहस्थ बोलले. डीलर गावात राहतो, गावातल्या पोरांना नोकरी देतो, गाडी बिघडली तर गिऱ्हाईक त्याच्या दारात येऊन भांडू शकतं. दूरच्या कंपनीच्या दारात कोण जाणार? तेही खोटं नव्हतं. ठराव तिथेच बारगळला. बाहेर बरीटोच्या गाडीपाशी ग्लेन ओनोफ्रेच्या मागे रांगेत उभे होते.

“चांगलं बोललात,” ते म्हणाले. “तरी मी उद्याही विरोधातच बोलेन.”

“बोला की. आधी खाऊन घ्या, उपाशीपोटी विरोध नीट होत नाही.”

दोघे एकाच बाकावर बसून जेवले.

त्यानंतर वर्षभराने बातमी आली. खालच्या खोऱ्यातल्या एका प्वेब्लोने, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या गावाने, कंपनीला आपल्या जमिनीवर बोलावलं होतं. प्वेब्लोच्या जमिनीवर त्यांचं स्वतःचं राज्य, तिथे आमच्या राज्याचा तो कायदा लागू नव्हता. बंद पडलेल्या एका सुपरमार्केटच्या इमारतीत विक्रीही होणार होती आणि दुरुस्तीही. आमच्यापासून चाळीस मिनिटं.

मी आनंदाने त्याला सांगायला गेले. “चांगलं झालं,” तो म्हणाला. “फार चांगलं झालं.” पण गावात जो तो त्याला गाठून हळहळायला लागला, आता तुझं कसं होणार म्हणून. एर्सिलियाने मला एकीकडे घेऊन सांगितलं, “शेडमध्ये जाऊन बसतो. पुसलेले पाने परत पुसतो.” शाळेचं गॅरेज बंद झालं तेव्हाही तो असाच बसायचा.

गॅरेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या निवृत्त शिक्षिकेच्या गाडीची मोठी बॅटरी कुरकुरायला लागली. ते काम शेडमध्ये होणारं नव्हतं. ओनोफ्रेने गाडी ट्रकवर घातली आणि मला म्हणाला, “चल, बघून तरी येऊ.” मला वाटतं, एकट्याने जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

गॅरेजची प्रमुख लुएला त्रुहियो नावाची त्याच प्वेब्लोतली बाई होती, चाळिशीची, केस घट्ट बांधलेले. तिने गाडीचं झाकण उघडलं, आतली चिकटपट्टी वाचली आणि मान वर केली.

“हे तुमचं अक्षर?”

“हो. काही चुकलंय का?”

“मी तुम्हालाच शोधत होते.” तिने आतल्या मुलामुलींना हाक मारली. पाच-सहा जण आले. “हे बघा, हेच ते. या आठवड्यात वरच्या गावांतून चार गाड्या आल्या, चारही गाड्यांत यांच्या पट्ट्या. कधी काय बदललं, कुठे उंदीर शिरला, सगळं. आमचा निम्मा वेळ वाचला.” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “आमच्या पोरांना कंपनीने शिकवलंय, पण गुळगुळीत रस्त्यावरच्या गाड्यांवर. इथल्या रस्त्यांचं त्यांना कोण शिकवणार? आठवड्यातून दोन दिवस याल का?”

ओनोफ्रे म्हणाला, “बाई, मी चौसष्टचा आहे.”

“मी वय नाही विचारलं. मंगळवार-गुरुवार जमेल का विचारलं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला इतक्या वर्षांत मी तसं पहिल्यांदाच बघत होते. “मंगळवार जमेल,” तो म्हणाला. “गुरुवारी कोमाद्रेची गाडी शेडमध्ये असते बहुतेक, तरी जमवतो.”

तेव्हापासून तो मंगळवार-गुरुवार तिथे शिकवतो, बाकीचे दिवस शेड उघडी असते. बर्फाच्या दिवसांत वरची माणसं खाली जाऊ शकत नाहीत, त्यांच्या गाड्या तो करतो. गुंतागुंतीचं असेल तर लुएलाला फोन लावतो, आणि तीही अडली की त्याला. कायदा आहे तिथेच आहे, पण आमच्या गाड्या आता हद्द ओलांडत नाहीत. इंग्रिडला त्याने पत्र लिहून कळवलं. पत्रात आभार चार वेळा लिहिलेत म्हणून एर्सिलियाने तीन खोडायला लावले. पाकिटात घालताना त्याने एक परत लिहिला.

गेल्या उन्हाळ्यात प्वेब्लोच्या सणाला लुएलाने आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. त्या दिवशी तिथली दारं सगळ्यांना उघडी असतात. लोक येतात, टेबलाशी बसतात, खातात आणि पुढच्यांसाठी उठतात. चौकातून नाचाच्या ढोलांचा आवाज येत होता. लुएलाची आई टेबलाच्या टोकाला उभी राहून प्रत्येकाला वाढत होती. ओनोफ्रेपाशी आल्यावर तिने लेकीला विचारलं, “हे कोण?”

“आमचे मास्तर,” लुएला म्हणाली.

त्याला आजवर सगळे मिस्त्री म्हणत आले, ट्रकवाला म्हणत आले. तो वाटीत बघत राहिला. आईने त्याच्या वाटीत पोसोलेचा, मक्याच्या दाण्यांच्या रश्शाचा, आणखी एक मोठा पळा ओतला, शेजारी ओव्हनच्या पावाचा तुकडा ठेवला. त्याने सगळं संपवलं आणि जागा रिकामी केली. दारापाशी गर्दी होती. तरी तो परत मागे वळला, त्या म्हातारीजवळ गेला, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलला. ढोलांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ती मान हलवत होती, आणि बराच वेळ तिनेही हात सोडवून घेतला नाही.