जंगबारचे चष्मे रेवदंड्याच्या धक्क्यावर

जंगबारला जायचं तर आधी रेवसला उतरावं लागतं, हे आमच्या मंडळात शिरेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

मी मुंबईतल्या एका दवाखान्यात डोळ्यांच्या खात्यात नर्स आहे. गिरगावातलं आमचं मंडळ म्हणजे तिशीच्या आतबाहेरची, नोकरीधंदा करणारी पंधरा-वीस माणसं. दर रविवारी चाळींतून औषधं वाटायची, पोरांना देवी टोचायला न्यायचं, कुणाचा अर्ज लिहून द्यायचा, हे आमचं काम. त्यातून कल्पना निघाली की, आपले जे लोक पोटासाठी समुद्रापार गेले आहेत त्यांच्याकडेही एक तुकडी पाठवावी. पहिलं ठिकाण ठरलं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जंगबार बेट. तीन महिने, चार माणसं. त्या चौघांत माझं नाव होतं. घरी दादाने आठवडाभर अबोला धरला, वहिनीने मात्र गुपचूप नवीन पातळ आणून दिलं.

आगबोटीच्या भाड्यासाठी वर्गणी हवी. म्हणून मंडळाचे चिटणीस, वकील त्र्यंबकराव खांबेटे, यांनी नाताळच्या सुटीत किनाऱ्याचा दौरा आखला: दिवसा मी लोकांचे डोळे तपासायचे, संध्याकाळी त्यांनी व्याख्यान द्यायचं, मग बँकेतले केशवराव डबा फिरवणार. बाईमाणूस बरोबर म्हणून सोबतीला त्र्यंबकरावांच्या विधवा आत्याबाई. आणि पाचवा प्रवासी म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात दोनशेच्या आसपास जुने चष्मे होते. गिरगाव-दादरच्या घरोघरी फिरून आम्ही ते जंगबारसाठी मागून आणले होते. मी आठ रविवार बसून एकेकाचा नंबर पाहिला होता, चिठ्ठ्या बांधल्या होत्या.

कुणाला हा प्रवास करायचा असेल त्यांनी पहाटेची लाँच धरावी. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ही लाँच वारा पडलेला असला की दोन तासांत रेवसला सोडते. वारा पडलेला नव्हता. आत्याबाई लिंबू हुंगत माझ्या मांडीवर आडव्या झाल्या आणि त्र्यंबकराव त्यांच्या डोक्याशी उभे राहून भाषणाची तालीम करू लागले. एक संस्कृत श्लोक, मग आपल्या पूर्वजांची नौकानयनातली कीर्ती, मग सेवाधर्म. चाळीस मिनिटं. आत्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "त्र्यंबक, समुद्र कमी उसळतोय का, म्हणून तू पण?"

रेवसहून अलिबागेस मोटार मिळते. माणशी आठ आणे आणि सामानाचे वेगळे, ते घासाघीस करून ठरवा. ड्रायव्हरने ट्रंकेचे दोन माणसांचे पैसे मागितले. त्र्यंबकरावांनी कायद्याची भाषा काढली. अर्धा तास उन्हात हुज्जत घालून शेवटी पैसे दिले ते दिलेच, वर मोटार पोहोचेतो अलिबागच्या सभेची वेळ टळून गेली. सभेला आलेली सात माणसं सतरंजी गुंडाळत होती.

दुसऱ्या दिवशी नागाव. नागावच्या वाड्यांतून चालण्यासारखं सुख नाही. माड-पोफळींची सावली, पाटातून झुळझुळणारं पाणी आणि रहाटाची कुरकुर. ज्यांच्याकडे उतरलो त्या बागायतदारांनी केळीच्या पानावर नारळीभात वाढला, आग्रह करकरून वाढला, आणि वर्गणीचं नाव काढताच हात जोडून म्हणाले, "रोकड सध्या अडकलीय हो. पण रिकाम्या हाती पाठवणार नाही." त्यांनी पन्नास नारळ दिले. त्र्यंबकरावांनी ते आभारपूर्वक स्वीकारले! पुढे बैलगाडीत आत्याबाई, मी, ट्रंक आणि पन्नास नारळ. चढ आला की नारळ मागे घरंगळायचे, उतार आला की पुढे येऊन पायांवर आपटायचे. केशवराव गाडीमागे चालत पडलेले गोळा करत होते. चौलच्या अलीकडे मी त्यांना म्हटलं, "पडले ते पडू द्या." तर म्हणतात, "देणगी आहे, ताई."

रेवदंड्याला कोळीवाड्याजवळच्या देवळाच्या ओसरीवर मी सकाळी तपासणी मांडली. अक्षरांचा तक्ता टांगला खरा, पण वाचणार कोण? मग तक्ता काढला आणि सुई-दोरा घेतला. सुई हातात द्यायची, दोरा ओवायला सांगायचा. चाळिशीच्या वरची बहुतेक माणसं हात लांब लांब नेत होती आणि शेवटी हसून सुई परत देत होती. डोळे चांगले, मोतीबिंदूही फारसे नाहीत. फक्त चाळिशी लागलेली. पण जाळं सांधणाऱ्याला जवळचं दिसेनासं झालं म्हणजे त्याचं कामच संपलं.

दुपारी हिराबाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, नाकात मोठी नथ. घरची सगळी जाळी आजवर त्यांनीच सांधलेली. आता दोन वर्षं बोटांनी चाचपून गाठी मारतात, त्या सुटतात, आणि सून बोलते. ट्रंक शेजारीच होती. नंबर नक्की करायला म्हणून मी तीतला एक चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. त्यांनी सुईत दोरा ओवला. मग पदराचा विणकाम केलेला काठ जवळ धरून पाहिला. मग स्वतःच्या हाताचा तळवा. बराच वेळ तळवाच पाहत राहिल्या.

"दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय गो बाय. समदं दिसतंय."

मी नंबर वहीत लिहिला, चिठ्ठीवर उतरवून त्यांच्या हातात दिला आणि चष्मा काढून घेतला. म्हटलं, "हा नंबर जपून ठेवा. मुंबईत दुकानात दाखवलात की चष्मा मिळेल."

"आन् ह्यो?"

"हा जंगबारच्या लोकांसाठी आहे."

त्यांनी माझ्याकडे, मग ट्रंकेकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "मंग माजं डोलं बगितलंस कशाला?" एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

त्यानंतर मी आणखी अकरा जणांचे डोळे तपासले. अकराही जणांना नंबर लिहून दिले. हात चालू होता, पण कान गरम झाले होते.

संध्याकाळची सभा मात्र भरली, कारण कोळीवाड्यात करमणुकीचं दुसरं काही नव्हतं. त्र्यंबकरावांनी नकाशा टांगला, श्लोक म्हटला आणि सांगितलं की कोर्टाला सुटी लागताच, म्हणजे चैत्र-वैशाखात, आमची तुकडी निघेल. पुढे बसलेले एक म्हातारे तांडेल, सगळे त्यांना धाकूतांडेल म्हणत, ते खोकले.

"वकीलसाहेब, कवा गेलाव का जंगबारला?"

"प्रत्यक्ष नाही."

"मी चार डाव गेलोय, गलबतावर. चैत-वैशाखात तिकडं धो धो पाऊस आसतो. वाटा न्हाय, बाजार न्हाय, मानूस घराभायेर पडत न्हाय. तुमी सेवा कोनाची करनार? दिवाली करून जावा."

सगळी सभा हसली. त्र्यंबकराव म्हणाले, "प्रश्नोत्तरं शेवटी," आणि पूर्वजांच्या नौकानयनाकडे वळले. मला हसूही येईना. ज्यांना शिकवायला आलो त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, आणि ज्याची त्यांना खरोखर गरज होती ते आम्ही ट्रंकेत घालून कुलूप लावलेलं.

दुसऱ्या दिवशी होडीने खाडी ओलांडून साळावला जायचं होतं. सूचना: होडी भरतीवर सुटते, घड्याळावर नाही. आम्ही सात वाजता धक्क्यावर हजर, आणि होडी हाकणारा तांडेल म्हणाला, "पानी येऊ दे." पाणी कधी येईल? "येल तवा." त्र्यंबकराव केशवरावांना घेऊन नारळ विकायला बाजारात गेले. आत्याबाई ट्रंकेवर बसल्या होत्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, जरा उठता?"

"का गं?"

"ट्रंक उघडायची आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठल्या. किल्ली माझ्याकडेच होती. काल डोळे तपासलेल्यांची वही काढली आणि धक्क्यावर जाळी पसरून बसलेल्यांना नावानिशी हाका मारायला लागले. पहिला माणूस बिचकत आला. दुसरा धावत आला. मग बायका आल्या, शिंपी आला, मशिदीतले एक मौलवी आले, त्यांना म्हणे बारीक टाइप दिसत नव्हता. आत्याबाईंना वाचता येत होतं. त्या चिठ्ठ्या वाचून नंबर सांगायला लागल्या, सव्वादोन, अडीच, आणि थोड्या वेळाने रांगेवर ओरडायलाही लागल्या. कुणी उगीच सोनेरी काडीचा चष्मा मागितला तर त्यांनी दटावलं, "डोळ्याला लाव, मिरवायला नको!" चार दिवसांत त्यांचा आवाज मी असा ऐकला नव्हता.

हिराबाई नव्हत्या. दोनदा निरोप धाडला तेव्हा आल्या, ताठ मानेने. मी कालचाच चष्मा पुढे केला.

"जंगबारवाले काय घालतील मंग?" त्यांनी विचारलं.

"माझं चुकलं काल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा घातला, उलटसुलट करून पाहिला, काडी सैल आहे म्हणून तक्रार केली, मी ती आवळून दिली. मग कमरेची चंची चाचपली. मी नको म्हटलं. "फुकाटचं न्हाय घालनार मी डोल्यावर," असं म्हणून त्या गेल्या आणि वीतभर जाडीचा सुक्या बोंबलांचा जुडगा घेऊन आल्या. तो त्यांनी स्वतःच ट्रंकेत ठेवला, उरलेल्या चष्म्यांवर.

त्याच वेळी त्र्यंबकराव परतले.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ट्रंकेत डोकावून म्हणाले, "कुमुदताई, हे चष्मे आपले नव्हते. लोकांनी विश्वासाने जंगबारसाठी दिले होते. उद्या त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा, जाळी सांधताहेत."

"हे उत्तर नाही."

खरंच ते उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. परवानगी मागितली असती तर मंडळाची सभा, ठराव, दुरुस्ती, आणि हिराबाई तोवर चाचपत राहिल्या असत्या. पण मागितली नव्हती, हेही खरंच.

पाणी आलं. होडी साळावला लागली. तिथून मुरूडपर्यंत गाडीरस्ता समुद्राच्या कडेने जातो, सुरूच्या बनांतून आणि काळ्या खडकांवरून, आणि नांदगावची रुपेरी वाळू इतकी सुंदर की भांडण विसरावं. आम्ही विसरलो नाही. मुरूडला नवाबांचं राज्य. सभेची परवानगी आधी लिहून मागवायला हवी होती, ती आम्ही मागवलीच नव्हती. त्यामुळे व्याख्यान नाही, वर्गणी नाही. दोन दिवस आगबोटीची वाट पाहत खानावळीत बसलो. जेवण उत्तम, ताज्या माशांचं. त्र्यंबकराव शाकाहारी. उरलेले चाळीस नारळ खानावळवाल्याने भाड्यात वळते करून घेतले, या दौऱ्यातला तो एकच सरळ व्यवहार.

मुंबईला परतल्यावर पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. दात्यांच्या वस्तूंचा परस्पर विनियोग केल्यामुळे जंगबारच्या तुकडीतून माझं नाव कमी करण्यात येत आहे. रविवारच्या कामात माझं सहकार्य पूर्ववत अपेक्षित आहे. दादा वाचून म्हणाला, "बरं झालं." त्या रात्री मी जेवले नाही. तुम्ही वाचणाऱ्यांनी असं समजू नये की घराजवळ सेवा घडली म्हणून मला समाधान मिळालं. मला जंगबारला जायचं होतं. लवंगांचा वास समुद्रात दोन मैलांवरून येतो म्हणतात, तो घ्यायचा होता. अजून जायचं आहे.

त्र्यंबकरावांनी तांडेलाचं मात्र ऐकलं. तुकडी दिवाळी करून निघाली. माझ्या जागी एक कंपाउंडर. मी जाणार नव्हते, तरी बंदरावर गेले. केशवरावांनी लांबूनच नमस्कार केला. त्र्यंबकराव जवळ आले, थोडं घुटमळले आणि म्हणाले, "नवे दीडशे चष्मे जमवलेत. चिठ्ठ्या मात्र तुमच्यासारख्या कुणाला बांधता आल्या नाहीत." मी मान हलवून मागे सरकले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

आगबोट सुटली. रुमाल हलवणारी गर्दी पांगली तेव्हा माझ्या शेजारी आत्याबाई उभ्या असलेल्या दिसल्या. भाच्याला पोहोचवायला आल्या होत्या. बोट लांब जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "तू जाणार, म्हणजे सोबतीला मलाही नेतील. लुगडी पण धुऊन ठेवली होती गं. तुझं नाव गेलं तसं माझंही गेलं. ते कधी कुठे लिहिलेलंच नव्हतं, म्हणून कमी केल्याचं पत्रही आलं नाही."

वर्षभर मी एवढी चिडले होते, आणि माझ्या ट्रंकेपायी आणखी कुणाचा तरी प्रवास बुडाला हे एकदासुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं.

"माझ्यावर रागावलात का?"

"तुझ्यावर? छे. तुला निदान डोळे तपासता येतात, म्हणून तुला रागवायचा हक्क तरी आहे. मी कशाच्या जोरावर रागवू?"

ट्राम थांब्यावर आली होती, ती आम्ही सोडली. मग पुढचीही सोडली. आत्याबाईंचा हात धरून मी दवाखान्यापर्यंत चालत गेले, माझी पाळी दोनला होती. दारात त्यांना म्हटलं, "आत या. बाहेरच्या बाकावर रांग असते. तिथे नावं लिहून घ्यायला माणूस नाही."

त्यांनी चपला काढल्या, आणि मी काढू नका म्हणेपर्यंत आत गेल्यासुद्धा.